सुईच्या दोन्ही बाजूंना

शिवाजी पार्कवरून कॅडल रोडने माहीमकडे चालत निघालं, की डाव्या हाताला, समुद्राच्या बाजूला हिंदुजा हॉस्पिटल लागतं. रस्त्याचं नाव कधीच वीर सावरकर मार्ग झालं, पण जुन्या दादरकरांच्या तोंडून कॅडल रोड काही जात नाही. या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी 2005 साली एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात आपल्याच घरातला एक हिशेब मांडला. 1998 ते 2003 या सहा वर्षांत इथल्या कर्मचाऱ्यांना वापरलेली सुई किती वेळा टोचली? नोंद झालेले प्रकार निघाले 380. त्यात 45 टक्के नर्स, 11 टक्के डॉक्टर, 11 टक्के तंत्रज्ञ आणि 33 टक्के अटेंडंट, म्हणजे पेशंट ज्यांना मामा नाहीतर मावशी म्हणून हाक मारतात ते.

मामा-मावशी इंजेक्शन देत नाहीत. तरी टोचलेल्यांत एक तृतीयांश तेच. म्हणजे सुई ज्याने वापरली, त्याने ती तशीच सोडली: चादरीच्या घडीत, ट्रेच्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या पिशवीत. तिचा हिशेब चुकता केला तो सगळ्यांत कमी पगाराच्या माणसाने.

सुई ज्या पेशंटच्या अंगातून निघाली होती, त्यांचीही तपासणी झाली. 23 जणांना एचआयव्ही होता, 15 जणांना हिपॅटायटिस सी आणि 12 जणांना हिपॅटायटिस बी. नंतर पाठपुरावा केला, तेव्हा एकाही कर्मचाऱ्याला लागण झालेली आढळली नाही. हॉस्पिटलने हे सगळं उघड छापलं याचं मला जास्त कौतुक आहे. सुई टोचली हे वरिष्ठांना सांगायलाही अनेक ठिकाणी माणसं कचरतात. ते जगाला आकड्यांत सांगणं ही सोपी गोष्ट नव्हे.

असा हिशेब बहुतेक वेळा एकाच दिशेने मांडला जातो. पेशंटचं रक्त आणि कर्मचाऱ्याचं बोट. ऑपरेशनच्या आधी पेशंटला एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तिन्ही तपासण्या करायला सांगतात, आणि दादर-परळच्या नर्सिंग होममध्ये जाऊन आलेल्या कुणालाही ती चिठ्ठी ओळखीची असेल. पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाचं काय? सर्जनला, भूल देणाऱ्याला, नर्सला हिपॅटायटिस सी असेल तर तो पेशंटकडे जाऊ शकतो का?

जाऊ शकतो, आणि गेलेलाही आहे. पण ज्या वाटेने तो जातो ती बहुतेकांना वाटते त्याहून वेगळी आहे. ती वाट नीट पाहिली, की घाबरायचं कशाला आणि कशाला नाही, हे आपोआप कळतं.

आधी या आजाराबद्दल थोडं. हिपॅटायटिस सीचा विषाणू रक्तातून रक्तात जातो. शिंकेतून, एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने तो जात नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत हार्वे ऑल्टर यांच्या लक्षात आलं, की रक्त चढवल्यावर काही लोकांना यकृताची अशी सूज येते, जी ए प्रकारातही बसत नाही आणि बी प्रकारातही नाही. 1989 मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू शोधून काढला. ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 चं नोबेल मिळालं. म्हणजे 1989 च्या आधी जगातल्या कुठल्याही रक्तपेढीला हा विषाणू तपासताच येत नव्हता.

लागण झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना कावीळ होतच नाही. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, थोडा थकवा, तोही वयावर घालता येतो. काहींच्या शरीरातून विषाणू आपोआप जातो, पण निम्म्याहून जास्त लोकांत तो वस्तीलाच राहतो. वीस-वीस, तीस-तीस वर्षं यकृत आतून कडक होत जातं, आणि एक दिवस पोटात पाणी होतं किंवा रक्ताची उलटी होते, तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा हे नाव ऐकू येतं. तोवर लागण कुठे झाली हे कोण सांगणार? 1990 साली दादरच्या एखाद्या दवाखान्यात इंजेक्शन घेतलेला माणूस एव्हाना डोंबिवलीला राहायला गेलेला असतो. दवाखान्याच्या जागी टॉवर उभा असतो.

आता त्या वाटेकडे वळू. बार्सिलोनाच्या एका हृदयशल्यचिकित्सकाची हकीकत 1996 साली वैद्यकीय साहित्यात आली. त्याला हिपॅटायटिस सी होता. 1988 ते 1994 या काळात त्याने ज्यांच्यावर ऑपरेशन केलं, त्यांतल्या 222 जणांची तपासणी झाली आणि पाच जणांचा विषाणू त्याच्या विषाणूशी जुळला. तो निष्काळजी होता असं कुणी म्हणालं नाही. हृदयाच्या ऑपरेशनात छातीचं मधलं हाड उभं कापावं लागतं, आणि काम झाल्यावर ते दोन भाग स्टीलच्या तारेने पुन्हा बांधावे लागतात. तारेचं टोक टोकदार, कापलेल्या हाडाची कड धारदार, आणि सर्जनचं बोट त्या दोघांच्या मध्ये, आत, जिथे डोळ्याला दिसत नाही तिथे. या सर्जनने स्वतःच सांगितलं होतं, की शंभर ऑपरेशनांत साधारण वीस वेळा त्याला टोचायचं. हातमोज्याला बारीक छिद्र पडायचं, रक्ताचा थेंब आत उघड्या छातीत जायचा, आणि त्या धावपळीत कधी ते कळायचं, कधी कळायचंही नाही.

हा सगळा प्रकार इतका विशिष्ट आहे, की ब्रिटिश आरोग्यखात्याने त्याची व्याख्याच करून ठेवली आहे. कामगाराचा हातमोजा घातलेला हात पेशंटच्या शरीराच्या आत असताना सुई, धारदार हत्यार किंवा हाडाच्या टोकाजवळ जाईल आणि बोटांची टोकं दिसणार नाहीत, अशी कामं जोखमीची. हृदय, हाडं, बाळंतपणाची आणि गर्भाशयाची मोठी ऑपरेशनं, दाढांची काही शस्त्रक्रिया यांत येतात. रक्त काढणं, ब्लड प्रेशर मोजणं, इंजेक्शन देणं, छातीला स्टेथोस्कोप लावणं यांत येत नाही. फॅमिली डॉक्टरला हिपॅटायटिस सी आहे असं उद्या कळलं, तर त्याच्याकडे नाडी दाखवायला जाण्यात काही धोका नाही. हे वाक्य मी मुद्दाम सरळ लिहितो आहे, कारण माणसाला वाळीत टाकायची आपली हौस फार जुनी आहे.

जर्मनीतली एक घटना मला याहून जास्त शिकवणारी वाटते. भूलतज्ज्ञाच्या एका मदतनीसाच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर जखम होती, वाहणारी. तो हातमोजे न घालता काम करत असे. हिपॅटायटिस सी असलेल्या एका पेशंटकडून त्याला लागण झाली, आणि त्याच्या बोटातून पुढे पाच पेशंटना. त्या बोटावरची जखम झाकली असती आणि हातमोजा घातला असता, तर सहा माणसं वाचली असती. इथे ना हृदय होतं, ना छातीचं हाड.

विषाणू अमुकाचाच, हे कसं ओळखतात? हा विषाणू आपल्या नकला करताना सारख्या चुका करतो, आणि त्या चुका पुढच्या नकलांत उतरत जातात. दोन माणसांच्या विषाणूंच्या जनुकांची अक्षरं शेजारी मांडली, की कुणाचा कुणाच्या किती जवळचा, म्हणजे वंशावळ, काढता येते. स्पेनमधल्या वालेन्सियात हे काम कोर्टासाठी करावं लागलं. हुआन मायेसो हा भूलतज्ज्ञ पेशंटच्या वेदनाशामक औषधाचा थोडा भाग आधी स्वतःला टोचून घ्यायचा आणि त्याच सुईने उरलेलं पेशंटला द्यायचा. हे 1988 पासून 1997 पर्यंत चाललं. शास्त्रज्ञांनी 4,000 हून अधिक जनुकीय नमुने तपासले. संशयित 322 पेशंटपैकी 47 जणांचा विषाणू वेगळ्या घराण्यातला निघाला. त्यांना लागण दुसरीकडून झाली होती. उरले 275. मायेसोला 2007 साली 1,933 वर्षांची शिक्षा झाली. कायद्याने प्रत्यक्षात वीस वर्षांपलीकडे ठेवता येत नाही, पण न्यायाधीशांनी बेरीज करून दाखवली.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात एक्झेटर हॉस्पिटलमध्ये 2012 साली तोच प्रकार उघड झाला. डेव्हिड क्विआटकोव्स्की हा तंत्रज्ञ फेंटॅनिलच्या भरलेल्या सिरिंजा चोरायचा, स्वतःला टोचायचा, रिकाम्या सिरिंजेत सलाइन भरून ट्रेवर परत ठेवायचा. पेशंटला वेदना थांबवायचं औषध मिळत नव्हतं, वर विषाणू मिळत होता. कंत्राटी कामगार असल्यामुळे एका हॉस्पिटलात संशय आला, की तो दुसऱ्या राज्यात जायचा, आणि पहिलं हॉस्पिटल आपली अब्रू सांभाळत गप्प बसायचं. निदान 45 जणांना लागण झाली. त्याला 39 वर्षांची शिक्षा झाली.

या दोन हकिकती वर्तमानपत्रांना आवडतात, कारण त्यांत खलनायक आहे. पण पेशंटना हिपॅटायटिस सी देणाऱ्या आरोग्यसेवेचा खरा इतिहास खलनायकांशिवायच लिहिला गेला आहे. सगळ्यांत मोठं उदाहरण इजिप्तचं. तिथे नाईलच्या पाण्यातून होणाऱ्या बिल्हार्झिया या कृमिरोगावर सरकारने 1980 च्या दशकापर्यंत गावोगाव इंजेक्शनं दिली. हेतू चांगला, औषध त्या काळचं योग्य, फक्त काचेच्या सिरिंजा आणि सुया पुरेशा न उकळता एकाहून दुसऱ्याला वापरल्या. त्यातून हिपॅटायटिस सीचं जगातलं सर्वांत मोठं प्रमाण इजिप्तच्या वाट्याला आलं.

आपण त्या वाटेवरून फार लांब नव्हतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या दादरच्या दवाखान्याचं चित्र ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आठवेल: पार्टिशनच्या मागे कंपाउंडर, गुलाबी मिक्श्चरच्या बाटल्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, आणि कोपऱ्यात स्टीलचा एक चौकोनी डबा ज्यात काचेच्या सिरिंजा रटरट उकळत. उकळणं खोटं नव्हतं. सिरिंज धुऊन, नीट वीसेक मिनिटं उकळली तर विषाणू टिकत नाही. घोळ व्हायचा तो संध्याकाळी, बाहेरच्या बाकावर तीस माणसं असताना. तेव्हा सुई त्या पाण्यातून नुसती बुडवून निघायची. एड्सच्या भीतीने 1980 च्या दशकाच्या अखेरीला डिस्पोझेबल सिरिंज घराघरांत परिचित झाली, आणि पेशंट स्वतःच रस्त्यावरच्या केमिस्टकडून ती घेऊन येऊ लागला. ‘डॉक्टर, नवी सुई ना?’ हा प्रश्न तेव्हापासून आपल्या तोंडी बसला.

प्रश्न चांगला आहे, पण अर्धा आहे. 2002-03 मध्ये भारतभर झालेल्या इंजेक्शनांच्या पाहणीचा अंदाज होता, की देशात वर्षाला तीनशे कोटी इंजेक्शनं दिली जातात आणि त्यातली सुमारे 63 टक्के असुरक्षित असतात. आणि बरीचशी तर गरज नसताना. ज्या तापाला गोळी पुरते त्याला सुई, ज्या अशक्तपणाला जेवण पुरतं त्याला सलाइनची ‘बाटली’. सुई घेतल्याशिवाय बरं वाटत नाही असा पेशंटचा हट्ट, आणि सुई दिली नाही तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जाईल ही डॉक्टरची चिंता. या दोघांनी मिळून ही संख्या वाढवली. 2009 साली गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा भागात हिपॅटायटिस बीची साथ पसरली, चाळीसहून अधिक माणसं दगावली. मागे वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरणारे दवाखाने होते, आणि तपासात वापरलेल्या सिरिंजांचा काळा बाजारही उघड झाला.

दुसरा अर्धा प्रश्न बाटलीचा आहे. भूल, इन्सुलिन, हेपरिन अशी औषधं बऱ्याचदा अनेक डोसांच्या बाटलीत येतात. समजा, एका पेशंटला औषध दिलं. थोडं कमी पडलं. सिरिंज तीच ठेवली, सुई मात्र नवी लावली आणि बाटलीतून आणखी औषध ओढलं. सुई नवी, म्हणजे काम चोख, असं करणाऱ्यालाही प्रामाणिकपणे वाटतं. पण पहिल्या वेळी पिस्टन सोडताना पेशंटच्या रक्ताचा डोळ्याला न दिसणारा अंश सिरिंजेच्या नळीत मागे आलेला असतो. तो आता बाटलीत गेला, आणि त्या बाटलीतून दिवसभरात जितक्यांना औषध दिलं जाईल तितक्यांच्या वाटेवर गेला. अमेरिकेत लास वेगासच्या एका एंडोस्कोपी क्लिनिकमध्ये 2008 मध्ये नेमकं हेच उघडकीला आलं. प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाच्या बाटल्या वाचवण्याच्या नादात हे चाललं होतं. 40,000 हून अधिक पेशंटना ‘तुम्ही तपासणी करून घ्या’ अशी पत्रं गेली. क्लिनिकचा मालक, डॉ. दीपक देसाई, याला 2013 मध्ये जन्मठेप झाली. आजारी डॉक्टर तिथे कुणीच नव्हता. विषाणू एका पेशंटकडून दुसऱ्याकडे गेला, डॉक्टरच्या हाताने.

डायलिसिसमध्येही हेच आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षं, रक्त बाहेर काढून परत आत घालायचं. एका नर्सकडे चार मशीन असतील आणि दोन पेशंटमध्ये हातमोजे बदलायला वेळ नसेल, तर मशीनच्या बटणावर लागलेला थेंब पुरेसा असतो. वाळलेल्या रक्तातला हा विषाणू दिवसच्या दिवस जिवंत राहू शकतो, आणि सिरिंजेच्या आत तर आठवडेच्या आठवडे. नर्सच्या हातांनी मशीन पुसलं की नाही, हे डॉक्टरच्या पदवीपेक्षा जास्त मोलाचं आहे.

आता परळला जाऊ, कारण माणूस दोषी की पद्धत दोषी, या प्रश्नाचा सगळ्यांत जुना धडा तिथे घडला आहे. आचार्य दोंदे मार्गावर केईएम आणि वाडिया हॉस्पिटलांच्या पंक्तीला हाफकिन संस्था आहे. पूर्वी ती मुंबईच्या गव्हर्नरची कोठी होती. 1899 मध्ये प्लेगची लस बनवणारी प्रयोगशाळा तिथे आली, आणि वाल्डेमार हाफकिन तिचे प्रमुख होते. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात 107 माणसांना लस टोचली. त्यातली 19 धनुर्वाताने मेली. सगळी एकाच बाटलीतून टोचलेली. तिचा क्रमांक 53-एन. बाटली परळला भरली होती. आरोप झाला तो हाफकिन यांच्यावर: लसीत कार्बोलिक अॅसिड घालणं त्यांनी बंद केलं होतं, म्हणून बाटलीत जंतू वाढले. त्यांना निलंबित करण्यात आलं. गावातली एक साधी गोष्ट मागे पडली होती: बाटली उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता. मातीत धनुर्वाताचे जंतू असतातच. शास्त्रज्ञ रोनाल्ड रॉस यांनी इंग्लंडमध्ये पाठपुरावा केला, 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले, पण ते परळला परतले नाहीत. 1925 मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

एक डोळ्यासमोर येणारा माणूस धरला, की चिमटा कुठे पडला ते विचारायचं राहून जातं. आजारी डॉक्टरबद्दल बोलताना आपण तीच चूक करतो. आजारी सर्जनकडून पेशंटला लागण होण्याच्या घटना जगभरात मोजक्या आहेत. जर्मनीत एका स्त्रीरोगतज्ज्ञाला हिपॅटायटिस सी असल्याचं कळलं; त्याने ऑपरेशन केलेल्या 2,286 स्त्रियांची तपासणी झाली, आणि त्याच्याकडून लागण झालेली एकच सापडली. याउलट एकाच बाटलीने, एकाच न उकळलेल्या सुईने शेकडोंना ती झाली आहे. मग सगळ्या डॉक्टरांची तपासणी करा, पॉझिटिव्ह आलेल्याला घरी बसवा, अशी मागणी झाली तर पहिला परिणाम हा होईल, की कुणी तपासणी करायलाच जाणार नाही. सुई टोचली तर नोंदही करणार नाही. हिंदुजाच्या 380 नोंदी ज्या विश्वासातून झाल्या तो विश्वास पहिल्यांदा मरेल.

याबाबत मुंबई हायकोर्टाने 1997 मध्ये एक महत्त्वाचं सूत्र घालून दिलं, तेही एचआयव्हीच्या प्रकरणात. एका सार्वजनिक कंपनीत हंगामी काम करणाऱ्या मजुराला एचआयव्ही आढळला म्हणून कामावर घेणं नाकारलं होतं. कागदपत्रांत त्याचं नाव नाही, फक्त ‘एमएक्स’. कोर्टाने म्हटलं, माणूस काम करायला सक्षम असेल आणि त्याच्यामुळे इतरांना लक्षणीय धोका नसेल, तर नुसत्या संसर्गावरून त्याला बाहेर काढता येणार नाही. ‘लक्षणीय धोका’ हे शब्द मला नेमके वाटतात. नर्सच्या कामात तो धोका नाही. हृदयाच्या सर्जनच्या काही ऑपरेशनांत तो आहे, आणि तेवढ्यापुरतं वेगळा नियम करता येतो.

ब्रिटनने तो केला. 2002 पासून तिथे ज्यांच्या रक्तात विषाणू आहे त्यांना ती जोखमीची कामं करता येत नाहीत. बाकी सगळी कामं करता येतात. 2007 पासून अशा कामांत नव्याने येणाऱ्यांची आधीच तपासणी होते. आणि उपचार यशस्वी झाला, की माणूस पुन्हा ऑपरेशनच्या टेबलाशी उभा. हे शेवटचं वाक्य 2002 मध्ये फारसं उपयोगाचं नव्हतं, कारण तेव्हाचा उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं: वर्षभर ताप, अंगदुखी, नैराश्य, आणि निम्म्यांना फायदा नाही. 2013 च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुविर ही गोळी मंजूर झाली आणि सगळं बदललं. किंमत होती एका गोळीला 1,000 डॉलर, बारा आठवड्यांच्या उपचाराला 84,000 डॉलर. 2014 च्या सप्टेंबरात गिलियड कंपनीने भारतातल्या सात कंपन्यांना ती बनवायचा परवाना दिला. त्यांत लोअर परळची सिप्लाही होती. हजारो डॉलरांची गोष्ट काही हजार रुपयांवर आली. 28 जुलै 2018 ला देशाचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि ही औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. त्या कार्यक्रमासाठी अमिताभ बच्चन सांगत फिरले, की 1982 च्या चित्रीकरणातल्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून त्यांना हिपॅटायटिस बी झाला आणि यकृताचा मोठा भाग त्याने खाल्ला. बी आणि सी वेगळे असले तरी त्या एका सांगण्याने इंजेक्शनापेक्षा जास्त काम झालं असावं.

मग आज दादरच्या एखाद्या सर्जनला सुई टोचली किंवा हिपॅटायटिस सी निघाला तर? सुई टोचली असेल तर बोट साबणाने धुवायचं. पिळून रक्त काढायची सवय अनेकांना आहे, तिचा काही फायदा नाही. टोचल्यावर घ्यायचं प्रतिबंधक औषध हिपॅटायटिस सीला नाही, लसही नाही. हातात आहे ती फक्त वाट पाहणं आणि तपासणी: तीन ते सहा आठवड्यांनी रक्तात विषाणू आहे का, आणि काही महिन्यांनी पुन्हा. एका टोचण्याने लागण होण्याची शक्यता पूर्वी शंभरात दोनच्या आसपास धरत, आताचे अभ्यास ती त्याहून बरीच कमी सांगतात. हिपॅटायटिस बीला ती लस न घेतलेल्या माणसात शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते, आणि बीची लस तर प्रत्येक मामा-मावशीलाही द्यायला हवी.

लागण झालीच, तर रोज दोन गोळ्या, सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, बारा आठवडे. त्यानंतर आणखी बारा आठवड्यांनी रक्त तपासायचं. विषाणू नसला तर माणूस बरा. शंभरात पंच्याण्णवाहून जास्त जण बरे होतात. या काळात सर्जनने उघड्या छातीत हात घालू नये, बाकी ओपीडी, राउंड, शिकवणं चालू ठेवावं. दोन हातमोजे एकावर एक, टोकदार सुईऐवजी शक्य तिथे बोथट टोकाची सुई, आणि हत्यार हातातून हातात देण्याऐवजी किडनी ट्रेमध्ये ठेवून देणं, एवढ्या तीन गोष्टींनी टोचण्याचे प्रकार कमी होतात. तेही सर्व सर्जनसाठी, ज्याला काही झालेलं नाही त्याच्यासाठी सुद्धा.

एक गोष्ट मात्र सर्जनपेक्षा त्याला तपासणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवी. ऑपरेशनआधी वापरतात त्या झटपट कार्डावर विषाणू दिसत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने केलेली प्रतिपिंडं दिसतात. माणूस पूर्ण बरा झाला तरी ती अनेक वर्षं, बहुतेकदा आयुष्यभर राहतात. त्यामुळे बरा झालेला सर्जन असो की पेशंट, कार्डावर दोन रेघा येतच राहतात, आणि दादरपासून परळपर्यंत प्रत्येक काउंटरवर त्याला ‘पॉझिटिव्ह’ म्हणून वेगळी फाइल मिळते. खरी तपासणी विषाणूच्या आरएनएची. तिचा रिपोर्ट जवळ ठेवलेला बरा. त्या प्रतिपिंडांचा पुढच्या सुईपासून बचाव करायला काही उपयोग नाही. पुन्हा टोचलं, तर पुन्हा तीन ते सहा आठवडे थांबून तीच तपासणी करायची.